मोडायचं टेबल

आमच्या सासरेबुवांना हसताना बघायचं असेल तर एकच उपाय आहे, मारामारीचा विनोदी सिनेमा लावायचा. कुणीतरी हवेत उडी मारून लाथ घालायला जातो, समोरचा खाली वाकतो आणि उडी मारणारा थेट पाण्याच्या पिंपात जाऊन पडतो. एवढं झालं की हा माणूस पोट धरून हसतो. माझ्या लग्नात फोटोवाल्याने हात जोडले तरी याच माणसाच्या ओठाची कड हलली नव्हती. शेजारी माझी मुलगी बसलेली असते. तिला सगळे ठिणगी म्हणतात. का म्हणतात ते कळायला तिच्या शेजारी बसावं लागतं, कारण ती कराटेच्या क्लासला जाते आणि सिनेमातल्या लाथा घरातल्या माणसांवर करून बघते. आजोबांच्या नडगीवर कायम एखादा निळा डाग असतो, पण त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नाही. मी आमटीत मीठ जरा कमी टाकलं तर मात्र आठवडाभर ऐकावं लागतं.

सासरेबुवा सुतार आणि माझा नवराही सुतार. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, मधे कामाचा ओटा आणि सगळीकडे भुसा. तो भुसा माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचलेला आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी रोज झाडायचे. आता हात टेकलेत.

सासरेबुवांची कामाबद्दल बोलायची रीत नाही, ते अंगठा फिरवतात. खुर्ची तयार झाली की सांध्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "हं." की झालं. आता हे 'हं' बरं होतं की वाईट, याचा विचार करण्यात माझ्या नवऱ्याने अर्धं आयुष्य घालवलंय. जेवताना मला विचारतो, आजचं 'हं' जरा लांब होतं ना? मी म्हणते, ढेकर असेल.

चाळिशी उलटलेला माणूस. लांबून लांबून लोक त्याच्या हातची कपाटं न्यायला येतात. पण बापाने एकदा तरी 'छान केलंस' म्हणावं म्हणून अजून झुरतो. मला याचा राग येतो, आणि दोघांचाही येतो. एकाला दोन शब्द बोलायला काय जातं? आणि दुसऱ्याचं त्या दोन शब्दांवाचून काय अडलंय? पण मी पडले सून. मुलगी बोलली की ते लाड असतात, सून बोलली की ते तोंड असतं. म्हणून मी मूग गिळून बसते, म्हणजे निदान असं मला तरी वाटतं.

मधे सासरेबुवांचा उजवा हात कापायला लागला. करवत धरली की पातं थरथरायचं. एक दिवस त्यांनी आपली हत्यारं तेलाच्या फडक्याने पुसली, पेटीत ठेवली, पेटी ओट्याखाली सरकवली आणि कारखान्याच्या दारात स्टूल टाकून बसायला लागले. कुणाला एक अक्षर बोलले नाहीत. काम बंद झालं, अंगठा मात्र चालू राहिला.

अशात ते सिनेमावाले आले.

त्यांना मारामारीचा विनोदी सिनेमा काढायचा होता. निम्मी हाणामारी एका खानावळीत, निम्मी गुंडांच्या वाड्यात. सेट उभा करणारा माणूस आमच्याकडे आला, नवऱ्याच्या खुर्च्या उलट्यापालट्या करून बघितल्या आणि म्हणाला, अश्शाच हव्यात. खुर्च्या, टेबलं, जिन्याचा कठडा, वाड्यातली कपाटं, पलंग, सगळं तुम्ही करा. अट एकच. दिसायला दणकट दिसलं पाहिजे, माणूस निवांत बसला पाहिजे, आणि फटका बसला की तुकडे तुकडे झाले पाहिजेत. आणि हो, कुणाला लागता कामा नये.

नवऱ्याला आधी हा अपमान वाटला. दोन दिवस तो आपली कपाटंच करत बसला. मग मध्येच जेवता जेवता म्हणाला, पण खालून करवतून वरून बुजवलं तर? मी ओळखलं की आता हा गेला.

तुम्हाला वाटेल, मोडकी खुर्ची करायला काय अक्कल लागते. मलाही तसंच वाटलं होतं. आधीच्या खुर्च्या एकतर हातोड्याने मोडेनात, नाहीतर नुसतं बघितलं तरी मोडायच्या. बसून बघायचं काम माझ्याकडे होतं. घरात वजनदार माणूस मीच, हे नवऱ्याने फार गोड शब्दांत सांगितलं. मी बसायचे, मागे रेलायचे, पाय वर घ्यायचे. टिकली की मी उठायचे आणि तो बाजूने एक दणका द्यायचा. एकदा खुर्ची दणक्याआधीच बसली, आणि तिच्याबरोबर मीही. त्यानंतर कितीतरी दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही आणि बसलेही नाही.

पण जमलं त्याला. शेवटी शेवटी अशा खुर्च्या व्हायला लागल्या की त्यावर बसून मी शेंगा सोलायचे, आणि उठले की तो एका चापटीत त्यांचा चुरा करायचा.

भानगड एवढीच होती की हे सासरेबुवांना सांगायचं कसं. एकदा, फार पूर्वी, त्यांची एक खुर्ची पाय मोडून गिऱ्हाइकाकडून परत आली होती. तिच्यावर म्हणे कुणीतरी गोदामातली पोती रचली होती, चूक यांची नव्हतीच. तरी त्या दिवशी ते जेवले नाहीत. अशा माणसाला सांगायचं की तुमचा मुलगा मुद्दाम मोडायच्या खुर्च्या करतोय? नवरा म्हणाला, "आधीच त्यांच्या तोंडून कधी बरा शब्द निघाला नाही. हे कळलं तर जी काही निघायची आशा आहे तीही संपेल."

तेव्हा अळीमिळी गुपचिळी. सासरेबुवांना सांगितलं, खानावळीची ऑर्डर आहे. यात खोटं काही नव्हतं. काम चालायचं ते दुपारी ते झोपले की, नाहीतर संध्याकाळी फिरायला गेले की. माल तयार झाला की चादरीत गुंडाळून टेम्पोत. ते विचारायचे, बघू तरी. नवरा म्हणायचा, पॉलिश ओलं आहे. एवढं ओलं पॉलिश आमच्या घराण्यात कधी झालं नसेल.

शेवटी एक मोठं टेबल राहिलं. हे सगळ्या सिनेमाचं नाक. हिरो वरच्या सज्जातून त्यावर पडणार आणि टेबलाचे दोन तुकडे होणार, तेही बरोबर मधोमध. नवऱ्याने त्याच्यावर जीव ओतला. वरून बघाल तर बैल बांधावा असं टेबल. खालून फळी जवळजवळ आरपार कापलेली, पाय नुसते मेणावर उभे. तयार झालं आणि त्याने ते चादरीखाली झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ठिणगीची कराटेची स्पर्धा होती. आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो, सासरेबुवा घरी राहिले. ठिणगी तिसरी आली. पहिल्या दोघींना तिने परत येताना रस्ताभर नावं ठेवली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. टेम्पोवाला म्हणाला, टेबल भलतंच जड आहे हो. नवरा म्हणाला, तुम्ही सकाळी काही खात जा. टेबल गेलं.

त्या दिवसापासून सासरेबुवा बिघडले. म्हणजे चांगले झाले. चहा पिताना मुलाला विचारलं, "थकलास का रे?" नवऱ्याच्या हातातला कप कलंडला. जन्मात कधी असं विचारलं नव्हतं. मग म्हणाले, डोळे तपासून घे एकदा. मग म्हणाले, कामं जरा कमी घे, घाई करू नकोस, माणसाचं शरीर आहे. संध्याकाळी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, त्याच्यावर ओरडत जाऊ नकोस. मी कधी ओरडते?

नवरा घाबरला. मला म्हणाला, बाबांना काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखवू या. तेवढ्यात सासरेबुवा मला म्हणाले, त्याला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखव. दोघं एकमेकांची नाडी चोरून बघतायत आणि मधे मी. शेवटी मी दोघांनाही एकच गोळी दिली, पोट साफ व्हायची. दुसरा इलाज मला सुचला नाही.

आणि मग सेटवरून फोन आला. नवरा गेला तो दुपारी परत आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालेलं. टेबल मोडलं नाही. हिरो वरून पडला, धप्प आवाज झाला, आणि टेबल जसंच्या तसं. हिरोच टप्पा खाऊन खाली गेला. त्याच्या कपड्यांच्या आत गाद्या होत्या म्हणून निभावलं. मग त्यावर एक गुंड उडी मारून गेला, मग दुसरा. टेबल आपलं उभं. दिग्दर्शकाने टोपी फेकली, सेटवाल्याने कपाळाला हात लावला. नवऱ्याला खाली वाकून बघायलासुद्धा कुणी दिलं नाही, कारण शूटिंग थांबवता येईना आणि टेबल हलवता येईना.

नवरा म्हणाला, "हाताची सवय गं. मला कळलंसुद्धा नसेल आणि हाताने सरस लावला असेल. चांगलं काम बाबांना पटत नाही, आणि वाईट काम मला जमत नाही. मग मी करायचं तरी काय?"

मी त्याची समजूत घातली, म्हणजे चांगलं झापलं. सेटवाल्याने पुढच्या सिनेमाचं काम देतो असं म्हटलं होतं, त्याचा परत फोन आला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. नवरा मुकाट्याने कपाटांकडे वळला. सासरेबुवा त्याच्या कपाटांच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचे आणि आता 'हं'च्या ऐवजी म्हणायचे, "असू दे, असू दे." ते ऐकलं की नवऱ्याचा चेहरा आणखी पडायचा.

असे बरेच महिने गेले आणि तो सिनेमा लागला.

भिंतीवरचं पोस्टर आधी ठिणगीने बघितलं. हातात पळी घेतलेला हिरो, मागे गुंडांची रांग. तिने घरी येऊन जाहीर केलं की रविवारी जायचं. आणि सासरेबुवा म्हणाले, मीही येतो.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. थिएटरात हा माणूस कधी येत नाही, घरीच टीव्हीवर बघतो. नवऱ्याने सांगून पाहिलं की तिथे फार थंडी असते. सासरेबुवा म्हणाले, स्वेटर घालतो. आवाज फार मोठा असतो. मला हल्ली कमीच ऐकू येतं. खुर्च्या चांगल्या नसतात. यावर त्यांचे डोळे चमकले, म्हणाले, मग तर बघितल्याच पाहिजेत. चोराच्या मनात चांदणं, तसा नवरा शनिवारभर घरात फेऱ्या मारत होता. मला म्हणाला, आपलं फर्निचर धडाधड मोडताना बघतील आणि तिथल्या तिथे उठून जातील. मी म्हटलं, जाऊ देत, घराची किल्ली माझ्याकडे आहे.

रविवारी दुपारच्या खेळाला गेलो. रांगेच्या कडेला एक जाडजूड गृहस्थ मांडीवर पॉपकॉर्नचं बादलीएवढं खोकं घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी स्वेटर घातलेले सासरेबुवा, मग ठिणगी, मग नवरा, मग मी. सासरेबुवांनी बसायच्या आधी खुर्चीच्या हाताला अंगठा लावला आणि म्हणाले, "लोखंड." मग बसले.

सिनेमा सुरू झाला. हिरो खानावळीतला आचारी. त्याला मारामारी येत नाही, पण कणीक इतकी वर्षं मळली आहे की कुणालाही आपटून, गोळा करून, लाटून ठेवू शकतो. गुंडांना ही जागा रिकामी करून हवी आहे. पहिला गुंड आला आणि हिरोने त्याला पिठात घोळून परत पाठवला. सासरेबुवा खदखदून हसले. ठिणगीने नवऱ्याला लाथ मारली. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू. सिनेमा खरोखरच धमाल होता. आमच्यात न हसणारा माणूस एकच होता, आणि तो खुर्चीत इतका खाली घसरला होता की त्याच्या मागे बसलेल्याला बरं दिसत असेल.

मग टोळी आली. एक लठ्ठ गुंड खुर्चीवर बसला, मागे रेलला, पाय टेबलावर टाकले. हिरोने त्याच्यापुढे पाणी ठेवलं, अदबीने खुर्ची पुसली आणि तो उठताच तीच खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. ठिकऱ्या उडाल्या. अख्खं थिएटर हसलं, सासरेबुवाही हसले. मग दुसरी खुर्ची. ते परत हसले. तिसरी खुर्ची पडद्यावर मोठी दिसली, आणि ते हसता हसता थांबले.

आमच्या खुर्च्यांच्या पाठीला एक कमान असते. सासरेबुवांची आहे ती, त्यांनीच मुलाला शिकवली. ती कमान दुसरं कुणी करत नाही.

ते ठिणगीच्या डोक्यावरून वाकले आणि नवऱ्याला विचारलं, "ही आपली?"

नवऱ्याने मान हलवली. चौथी खुर्ची भिंतीवर फुटली. कठडा मोडून दोन गुंड खाली आले. स्टुलं, बाकं, सगळं आमच्या घरचं, आणि सगळ्याचा चुरा होत होता. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली होती. सासरेबुवा ताठ बसले होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता, त्यावर हसू नव्हतं. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला होता.

आणि पडद्यावर ते टेबल आलं. खानावळीच्या मधोमध. हिरो मारामारी करत करत वरच्या सज्जावर गेला, कठड्यावर चढला, तोल जाऊन हेलकावे खायला लागला. खाली टेबल. सासरेबुवा पुढे सरकले आणि कुजबुजले. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ती कुजबुज पुढच्या तीन रांगांना ऐकू गेली.

"पड, पड. काही होत नाही त्याला."

नवरा हळूहळू वर सरकून सरळ बसला.

हिरो पडला. धप्प. टेबल हललंसुद्धा नाही. हिरो टप्पा खाऊन खाली गेला, उठला, टेबलाकडे बघितलं आणि बोटाने ठकठक वाजवून बघितलं. थिएटर हसून कोसळलं. सिनेमावाल्यांनी तो प्रसंग कापला नव्हता, उलट वाढवला होता. लठ्ठ गुंड वरून उडी मारून आला आणि कंबर धरून बसला. मग एकाने डोकं आपटलं. मग सगळ्यांनी मिळून टेबल उचलायचा प्रयत्न केला. शेवटी सगळे गुंड दमून त्याच टेबलावर ओळीने बसले आणि हिरोने त्यांना पाणी वाढलं. लोक शिट्ट्या मारत होते. आणि आमचे सासरेबुवा, स्वेटरसकट, उभे राहिले होते.

"बघितलंस? हललं नाही," ते मुलाला म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, आजोबा खाली बसा. ते बसले नाहीत. म्हणाले, "मी बसवलंय ते."

मध्यंतर झालं म्हणून बरं, नाहीतर आम्हाला बाहेरच काढलं असतं.

ठिणगीला सरबत देऊन एका बाकावर बसवलं आणि आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. सासरेबुवांनी सांगितलं ते असं. आम्ही स्पर्धेला गेलो त्या दिवशी ते कारखान्यात गेले. एवढं झाकून ठेवलंय ते बघावं तरी म्हणून चादर उचलली. अंगठा फिरवला तर पाय हलला. खाली वाकून बघितलं तर पायाला मेण, आणि फळी कापलेली. खानावळीचं टेबल, माणसं जेवायला बसणार, आणि हे असं.

"मला वाटलं, तुझा हात गेला," ते म्हणाले. "माझा गेला तसा. आणि तू कुणाला सांगत नाहीस. मीही नव्हतं सांगितलं."

मग त्यांनी ओट्याखालची पेटी ओढली. सरस तापवला, खालून आडव्या पट्ट्या दिल्या, पायांना पाचरी मारल्या. हात कापत होता, हातोडी पाचरीपेक्षा बोटावर जास्त बसली. दुपार गेली त्यात. सगळं झाल्यावर भुसा झाडला, चादर होती तशी घातली आणि दारात येऊन बसले. आपल्या मुलाची अब्रू जाऊ नये आणि त्याला कळूही नये, म्हणून. पुढचे सगळे महिने हा माणूस आपला मुलगा आता संपला असं समजून त्याला गोड बोलत होता. मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. मी दोन्ही केलं नाही, सरबताचा ग्लास धरून उभी राहिले.

नवरा म्हणाला, "बाबा, माझा हात बरा आहे. ते मोडायचंच होतं. सगळंच मोडायचं होतं. तशीच ऑर्डर होती."

सासरेबुवांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं. नवरा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता हे स्वेटर काढून घरी चालायला लागणार. पण त्यांनी विचारलं, "तो जाडा ज्या खुर्चीवर बसला, पाय पसरून रेलला, तीच त्याच्या पाठीत घातली?"

"तीच."

"मधे बदलली नाही?"

"नाही."

"मग बसताना कशी टिकली?"

नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग भराभर. हवेत बोटाने काढून दाखवत होता. वजन सरळ खाली येतं तोवर सांधा धरून ठेवतो. फटका बाजूने येतो, म्हणून काप बाजूला घ्यायचा, तोही तिरका. आत मऊ लाकूड भरायचं, म्हणजे टोकदार कपचा निघत नाही. कडा आधीच घासून ठेवायच्या. सासरेबुवा ऐकत होते, आणि त्यांचा अंगठा त्यांच्याच बोटावरून फिरत होता. माणसं शौचालयाकडे जाता येता आमच्या मधून वाट काढत होती आणि या दोघांना त्याचं भान नव्हतं.

"कुणाला लागलं?" सासरेबुवांनी विचारलं.

"ओरखडासुद्धा नाही."

"एवढ्या खुर्च्या मोडून?"

"हो."

सासरेबुवांनी घसा साफ केला. "मला नसतं जमलं," ते म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली. मग म्हणाला, "काय?"

"बहिरा मी आहे की तू? मला हे जमलं नसतं, म्हणतोय. घट्ट बसवायला मला येतं. हे असं मला जन्मात आलं नसतं."

नवरा म्हणाला, आलोच, आणि तोंड धुवायला निघून गेला. घंटा झाली, लोक आत गेले, तरी तो आला नाही. ठिणगीला राग आला, सिनेमा सुरू होईल म्हणून. मी म्हटलं, येऊ दे त्याला सावकाश. आला तेव्हा शर्ट पुढून सगळा ओला होता. नळ जोरात होता म्हणाला. मी पदर पुढे केला. एरवी मी टोमणा मारल्याशिवाय सोडलं नसतं.

दुसऱ्या अर्ध्यात हिरो गुंडांच्या वाड्यावर चालून जातो आणि तिथेही आमचंच फर्निचर होतं. आता सासरेबुवांना धरवेना. प्रत्येक दणक्याला ते शेजारच्या त्या जाडजूड गृहस्थांचा दंड धरायचे आणि सांगायचे, "हे माझ्या मुलाने केलंय." कपाट कोसळलं, हे माझ्या मुलाने केलंय. पलंग दुभंगला, बघा, बरोबर मधोमध, हे माझ्या मुलाने केलंय. त्या गृहस्थांचं निम्मं पॉपकॉर्न सांडलं होतं, पण भला माणूस होता, मान हलवत होता. नवरा पडद्याकडे बघत होता. मला नाही वाटत त्याला पडद्यावरचं काही दिसत असेल.

मग त्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "आणि आजोबा, मघाचं ते मोडलंच नाही ते टेबल? सगळ्यांत भारी तेच होतं. ते कुणाचं?"

सासरेबुवांचा कापणारा हात मांडीवर होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

"तेही त्याचंच," ते म्हणाले. "मी बिघडवलं."